मिरजेच्या वेळेवर उडालेली टिकली

मोनार्क फुलपाखरांना हिवाळ्यासाठी मेक्सिकोला जायचा रस्ता कोण सांगतं? हा प्रश्न मला बटाट्यामुळे पडला. बटाटा म्हणजे मी गच्चीत वाढवलेलं मोनार्क. अळी असताना तो पानं अशी हादडायचा की दुसरं नाव सुचलंच नाही.

आम्ही कॅनडात एरी सरोवराच्या उत्तर काठावर राहतो. २०४१च्या सप्टेंबरात माझे आजोबा, कीटकशास्त्रज्ञ कमलाकर आठल्ये, मिरजेहून आले. सोबत त्यांनी बनवलेलं यंत्र-फुलपाखरू होतं, टिकली. ती बटाट्याबरोबर मेक्सिकोपर्यंत उडणार होती. नाहीतर त्याचं पुढे काय झालं, हे मला जन्मात कळलं नसतं.

शनिवारी सकाळी काठावरची झाडं फुलपाखरांनी लगडली होती. तासभर शोधल्यावर, पंखावर मी खुणेसाठी चिकटवलेल्या इवल्याशा चकतीमुळे बटाटा सापडला. साडेआठला ऊन लागलं आणि सगळे सरोवरावरून दक्षिणेला निघाले. टिकली मात्र ऐटीत उत्तरेला, गाड्या लावतात तिकडे निघाली. मला रडूच आलं.

टिकली चुकणं शक्यच नाही, असं म्हणत आजोबांनी तिला परत बोलावलं आणि मला समजावलं. फुलपाखरांकडे सूर्य-होकायंत्र (सूर्य पाहून दिशा ओळखायची सोय) असतं. पण सूर्य तर दिवसभर सरकतो. म्हणून त्यांच्या स्पर्शिकांत (डोक्यावरच्या मिशांत) घड्याळही असतं. सकाळी सूर्य डावीकडे ठेवायचा, संध्याकाळी उजवीकडे, की तोंड दक्षिणेला राहतं. टिकलीतही तसंच घड्याळ बसवलं होतं.

"ते कशावरून लावलंत, आजोबा?"

त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळात सहा वाजले होते, मिरजेतले, संध्याकाळचे. तीन आठवडे झाले तरी त्यांनी ते बदललं नव्हतं.

"सहाला तुझी आजी गोळी विसरते. फोन करायला लागतो," ते ओशाळून म्हणाले.

म्हणजे टिकलीच्या हिशेबी संध्याकाळ होती. पूर्वेचा सूर्य तिला पश्चिमेचा वाटला, तो तिने उजवीकडे ठेवला आणि तोंड झालं उत्तरेला. मी घाईघाईने तिला इथली वेळ लावली. ती गर्रकन वळली आणि ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या बटाट्यामागे गेली.

नोव्हेंबरात तिचा निरोप आला: 'बटाटा पोहोचला. झाडाला लटकून झोपला आहे. खायचं नाव काढत नाही.' परतीच्या वाटेत फुलपाखरांच्या पिढ्या बदलतात, म्हणून आता त्याची पणतवंडं कधीतरी आमच्या गच्चीवर येतील. त्यांच्या अळ्यांना हादडायला मी रोपं लावून ठेवणार आहे.

शाळेत जाण्यापूर्वी मी ही बातमी मिरजेला कळवली. आजोबा परत गेले होते ना. फोन आजीने घेतला.

"शालू, तूच सांग यांना. घड्याळ तुझ्या वेळेवर लावून बसलेत आणि दिवेलागणीला मला नाश्त्याचे पोहे करायला सांगतायत."