गाडीच्या डोळ्याला कुलूप

आपल्याला नेमकं काय झालंय हे एखाद्या गाडीला ठाऊक आहे, तिला बरी करणारा माणूस समोर उभा आहे, तरी ती गप्प का बसेल? अकरा वर्षांच्या केतकीला हे कोडं अहेरीत पडलं, २०४३ सालच्या मार्चमध्ये, सकाळी साडेआठ वाजता.

रुग्णवाहिकेची पुढची काच दगड लागून फुटली होती. गॅरेजवाल्या शकीलचाचांनी ती आदल्या दिवशी बदलली. काचेमागे गाडीचा डोळा असतो, म्हणजे रस्ता बघून गाडीला वळवणारा कॅमेरा. काच बदलताना तो केसभर हलतो. केसभरानं काय होतं, असं केतकीनं विचारलं. चाचांनी दोरी ताणून दाखवलं: डोळा फक्त एक अंश तिरका झाला, तर सत्तावन्न मीटरवरची म्हैस गाडीला एक मीटर बाजूला दिसते. गाडी नसलेल्या म्हशीला टाळते आणि असलेल्या माणसावर चढते. म्हणून अंशांकन (यंत्राची नजर खऱ्या मापाशी जुळवणं) करावं लागतं.

त्याची तयारी चाचांनी पुरी केली होती. बाबूराव गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं फरशीची पातळी तपासली, सरळ उभ्या रेषेसाठी ओळंबा सोडला, काळ्यापांढऱ्या चौकटींचा फळा गाडीपुढे मापात उभा केला. देवळाच्या कळसालाही आपण एवढं माप घेतलं नव्हतं, अशी कुरकुर बाबूरावांनी केली. आता गाडीनं फळ्याकडे बघून नजर सुधारायची, चार मिनिटांचं काम.

पडद्यावर अक्षरं आली: अधिकृत केंद्राची किल्ली द्या.

गाडीच्या कंपनीचं ते केंद्र नागपुरात. फोनवरच्या बाईनं गोड आवाजात सांगितलं, गाडी इकडे आणा. आणि नजर जुळेपर्यंत गाडी ताशी वीसच्या वर जाणार नव्हती. गाडीत चाचांची बायको नफीसा होती. तिला डायलिसिससाठी (बिघडलेल्या मूत्रपिंडांऐवजी यंत्रानं रक्त गाळणं) चंद्रपूर गाठायचं होतं. एरवीचे अडीच तास, आता सहा. ऑक्सिजन लावलेला, म्हणून साधी जीप चालत नव्हती. दुसरी रुग्णवाहिका बाळंतिणीला घेऊन गेलेली.

केतकी धावत आजोबांना घेऊन आली. आबा निवृत्त शास्त्रज्ञ. ही गाडी बनवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं होते. त्यांनी पडद्यावरची अक्षरं वाचली.

"हे कुलूप मीच लिहिलंय."

"मग उघडा ना, आबा."

"निवृत्तीच्या दिवशीच माझी किल्ली काढून घेतली गं."

ही किल्ली लोखंडाची नव्हे, तो एक लांबलचक गुप्त आकडा असतो. गाडीतली निदान प्रणाली (दोष ओळखणारा संगणक) तो आकडा कंपनीकडून पडताळून घेते आणि मगच तोंड उघडते. चोरांच्या भीतीनं हे केलं, असं आबा आधी म्हणाले. मग चोरांसाठी गाडी सुरू करण्यापुरतं कुलूप पुरलं असतं, हे त्यांनी कबूल केलं. दुरुस्तीला कुलूप घातलं ते प्रत्येक गाडी आमच्याच दारात यावी म्हणून.

मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा. विद्या अवघड होती म्हणून नफीसाचाची अडकली नाही. विद्या शकीलचाचांच्या हातात होती. त्यांचे हात बांधले होते.

गाडी निघाली. सायकलवाले तिला मागे टाकत होते. गोंडपिपरीच्या अलीकडे चाची वारली.

त्यानंतर चाचा आबांशी सात महिने बोलले नाहीत. मग नागपुरात नव्या कायद्यासाठी सुनावणी लागली. शिकलेल्या कुठल्याही कारागिराला किल्ली मिळावी, कोणी कधी वापरली याची नोंद राहावी, अशी मागणी होती. म्हणजे चोरही सापडेल आणि रोगीही पोचेल. आबांनी साक्ष द्यायचं ठरवलं. कंपनी खटला भरेल, असं घरच्यांनी समजावलं. भरू दे, म्हणाले.

सुनावणीच्या सकाळी आबांच्या दाराशी चाचांची जीप येऊन थांबली. कुणी बोलावलं नव्हतं. आबा पुढे बसले, केतकी मागे. जीप आष्टीपर्यंत आली. मग चाचांनी समोरच बघत विचारलं, "साहेब, कुलूप कुणी लिहिलं तेही सांगाल?"

"सुरुवातच तिथून करणार आहे," आबा म्हणाले.