तैवोचा डावा कान

“माझा तैवो कुणीतरी बदललाय,” म्हातारी म्हणाली. “हा ठेवलाय तो दुसऱ्याच कुणाचा आहे.”

इन्स्पेक्टर मोरेनिके गुडघे टेकून बसली होती. अंगावर वर्दी असली म्हणून काय झालं, नायजेरियातल्या ओग्बोमोशोत थोरामोठ्यांपुढे बाईमाणसानं गुडघे टेकायचेच. समोर चटईवर इया आबेके. इया म्हणजे आई. अख्खी गल्ली तिला इयाच म्हणायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, मनगटांच्या नुसत्या काड्या. तिच्या मांडीवर वीतभर उंचीची लाकडी बाहुली होती. बाहुली म्हणायचं ते आपण. तिच्यापुढे तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

जुळ्यातलं एक गेलं की त्याची मूर्ती कोरून घ्यायची आणि जित्या लेकरासारखी सांभाळायची, ही तिथली रीत. इयाचा तैवो तान्हेपणीच गेला. तेव्हापासून रोज सकाळी ती त्याला न्हाऊ घाली, अंगाला तांबडी पूड चोळी, केसांना नीळ लावी, ओठांना पाम तेलातल्या चवळ्या लावी. त्याचं झालं की मग स्वतः घास घेई. आधी कधीच नाही.

“आज चार दिवस झाले, पाण्याखेरीज पोटात काही नाही,” मुलगी इदोवू दारातून म्हणाली. ठाण्यावर फोन तिनंच केला होता. “तैवोच्या आधी जेवणार नाही म्हणते, आणि हा तैवो नाहीच म्हणते. मी काय करू, तुम्हीच सांगा बाई.”

मोरेनिकेनं म्हातारीचा हात हातात घेतला. “इया, कशावरून ओळखलंत?”

“तुझं पोर अंधारात तुला ओळखू येत नाही होय? तैवोचा डावा कान उंदरानं कुरतडलाय. याचा उजवा कुरतडलाय, डावा चांगला धड आहे. मंगळवारी न्हाऊ घालताना हाताला लागलं.”

“सोमवारी तोच होता?”

“सोमवारी तोच होता. सकाळी मी न्हाऊ घातला, जेवू घातला, निजवला.”

“रीतीप्रमाणे भगताला विचारून नवा कोरून घेतला तर?”

“पोर हरवलं तर लोक शोधायला निघतात, का दुसरं जन्माला घालून बसतात? आधी तो कुठं आहे ते सांग. मग बघू.”

मोरेनिके उठली.

बाहेर अंगणात इदोवूचा नवरा ग्बोलाहान वाट बघत होता. माणूस पाद्री, कडक इस्त्रीचा.

“तुम्हाला ती मूर्ती खुपत होती म्हणे,” मोरेनिकेनं सरळच विचारलं.

“खुपत होती, आजही खुपते. जाळून टाका म्हणून भरल्या घरात सांगितलंय मी. पण मला नको होती तर मी नाहीशी केली असती. त्याच तोंडवळ्याची दुसरी आणून कशाला ठेवीन? एक गेली म्हणून दुसरी पाळू?”

बोलणं कडू होतं, पण खोटं वाटत नव्हतं.

“जुन्या लाकडाचे व्यापारी येतात का इकडे?”

“येतात की,” इदोवू म्हणाली. “आई काठी घेऊन धावते. पण गेल्या दोन महिन्यांत कुणी फिरकलेलं नाही. आणि आईच्या उशाशी बाहेरचं माणूस जाईलच कसं? मी असते ना घरात.”

“अहो, काही चोरीबिरी झालेली नाही,” ग्बोलाहान वैतागला. “वय झालंय सासूबाईंचं. डावं-उजवं विसरल्या. हे बघा.” त्यानं आतल्या भिंतीवरचा फोटो काढून आणला. चटईवर बसलेली इया हसत तैवोच्या ओठांना चवळी लावतेय, आणि कोपऱ्यात एका पुरुषाचा अर्धा चेहरा. तैवोचा कुरतडलेला कान स्वच्छ दिसत होता. उजवा.

“म्हणजे मूर्ती तीच आहे,” मोरेनिके म्हणाली.

“मग मी दुसरं काय सांगतोय?”

तेवढ्यात तो अर्धा चेहरा अख्खा होऊन आला. तैवोचा जुळा भाऊ, केहिंदे. चाळिशीचा, लागोसच्या फॅशनचा सदरा, डोळ्यांखाली काळं. आईनं अन्न टाकल्याचं कळल्यावर रातोरात आला होता म्हणे.

“फोटो तुम्ही काढलात?”

“हो, मीच. पावसाळ्याआधी आलो होतो तेव्हा. माझ्या फोनवर.”

“भिंतीवर कधी लागला?”

“रविवारी घेऊन आला ना फ्रेम करून,” इदोवूच बोलली. “तोवर आम्ही पाहिलाही नव्हता. सोमवारी दुपारी हा लगेच परत गेला.”

“तुम्ही लागोसला काय करता?”

“कलाकार आहे.”

“धूर दाखवतो,” ग्बोलाहान मध्येच म्हणाला. “पडद्यावर आगी लावतो, आणि शिकलेले लोक उभे राहून टाळ्या वाजवतात.”

मोरेनिकेनं फोटोचा फोटो आपल्या फोनवर घेतला आणि निघाली. प्रकरण मिटलं होतं, नाही म्हटलं तरी. म्हातारी मात्र उपाशीच होती, आणि त्याला पोलिसांकडे कलम नव्हतं.

कोपऱ्यावर भजीवाली होती. चवळीच्या भज्यांचा घाणा निघत होता. मोरेनिकेच्या उजव्या हातात फोन, नजर फोटोवर. तिनं भजी घ्यायला दुसरा हात पुढे केला.

भजीवालीनं पुडा मागे ओढला. “डावा हात पुढे करतेस? आईबापानं काही शिकवलंय का वर्दीच घालून पाठवलं?”

“चुकले हो मावशी,” म्हणत मोरेनिकेनं हात मागे घेतला, आणि तशीच उभी राहिली. तिनं पुन्हा फोटो पाहिला. भजी तिथंच टाकून ती माघारी वळली. मागून भजीवालीनं तिच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला.

अंगणात तिनं तिघांनाही बसवलं. फ्रेम मधोमध ठेवली.

“यात इया तैवोला कुठल्या हातानं भरवतेय?”

इदोवूनं वाकून पाहिलं. तिचा चेहरा उतरला. “डाव्या.”

“तुझी आई डाव्या हातानं कुणाला काही देईल?”

“मेली तरी देणार नाही. लहानपणी आम्ही डावा हात पुढे केला की त्यावर पळी बसायची.”

“मग फोटो उलटा आहे. फोन आपल्याकडे धरून स्वतःचा फोटो काढला की काही फोन आरशासारखा उलटा काढतात. यातली खिडकी बघा. खोलीत ती चटईच्या त्या अंगाला आहे, यात या अंगाला आलीय. आपण रोज बघतो ते घर, पण कुणी नीट बघितलंच नाही. म्हणजे खऱ्या तैवोचा कुरतडलेला कान डावाच. इया शुद्धीवर आहे. आपणच तिला वेडी ठरवली.”

ग्बोलाहानची नजर खाली गेली.

“आता आत ठेवलेल्या मूर्तीकडे या. तिचा उजवा कान कुरतडलेला. कोरणाऱ्यानं अस्सल मूर्ती हातात घेतली असती तर ही चूक झाली नसती. त्यानं या उलट्या फोटोवरून कोरली. सोमवारी सकाळी खरा तैवो घरात होता, मंगळवारी नव्हता. नक्कल कोरायला, रंगवायला, झिजवायला दिवस लागतात. म्हणजे रविवारच्या आधीच ती तयार होती. रविवारच्या आधी हा फोटो कुणाकडे होता?”

इदोवू भावाकडे बघत होती.

“केहिंदे,” मोरेनिके हळूच म्हणाली, “कुठाय तो? विकला असशील तर कुणाला ते सांग. मी आत्ता निघते. तुझी आई उपाशी आहे रे.”

“विकला नाही.”

“मग?”

“जाळला.” “लागोसला, कॅमेऱ्यापुढे. बुधवारपासून तीच फिल्म लागलीय प्रदर्शनात. चाळीस वर्षं मी त्या लाकडाच्या मागून जेवलो, बाई. ताप आला तरी आधी त्याला, मग मला. मला वाटलं, एकदा राख झाली की मी सुटेन. नक्कल जाळली असती तर ते नाटक झालं असतं. माझं काम खोटं झालं असतं.”

“लोकांपुढे खरं जाळलंस आणि आईपुढे खोटं ठेवलंस.”

“तिला दिसत नाही ना,” तो म्हणाला आणि रडायला लागला. “आणि फोटो लावला, घरात त्याचा खरा चेहरा तरी राहावा म्हणून. तोही उलटा निघाला.”

“राख तरी आहे का?” इदोवूनं विचारलं.

“राख तिथंच वाऱ्यावर सोडली. फिल्ममध्ये शेवटी तेच आहे.”

मोरेनिकेला मनापासून चीड आली, आणि चिडून करायचं काय ते कळेना. गुन्हेगार समोर, कबुली तोंडी, पुरावा हातात. त्याला बेडी घातली तर म्हातारीचा दुसराही जाणार. नाही घातली तर पहिला काही परत येणार नव्हता.

“आत जा,” ती अखेर म्हणाली. “तूच सांग तिला.”

केहिंदेनं चवळ्यांचा वाडगा घेतला आणि आत जाऊन आईपुढे बसला. बाकीचे दारात थांबले.

“आई, माझ्या हातानं खा. दोन घास.”

“सापडला का?”

केहिंदेनं वाडगा तिच्या हाताशी सरकवला.

इयानं चाचपडत त्याचा चेहरा धरला, गालावरचं ओलं बोटांना लागलं. “अरे, रडतोस काय? मागून जन्मलास तरी थोरला ना तू? पोटातून त्याला तूच पुढं पाठवलंस, जग कसं आहे बघून ये म्हणून. तो माझं नाही ऐकत, तुझंच ऐकतो. बाहेर जा, हाक मार त्याला.”

केहिंदे बसूनच राहिला. इदोवूनं तोंडात पदर कोंबला. मोरेनिकेनं काहीतरी बोलावं म्हणून ग्बोलाहान तिच्याकडे बघत होता.

इयानं वाडगा हातानंच बाजूला सारला.

“जा ना रे बाबा,” ती म्हणाली. “मला भूक लागलीय.”