साक्षीची बाटली

बाटली धुवायची ती तीनदा, आणि शेवटची खळखळ ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने करायची. मग काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. बूच घट्ट. वर लेबल, आणि लेबलवर जागा, तारीख, वेळ, सही. कारखाना बंद पडून, नोकरी संपून चौदा वर्षं झाली होती, तरी लॅबवाल्या आजींच्या हातात हे सगळं जसंच्या तसं होतं. मीठ कुठल्या डब्यात ठेवलंय ते त्या हल्ली विसरत. बाटलीचं मात्र काही विसरत नसत.

"आई, ओट्यावर बाटल्या, खिडकीत बाटल्या, शेगडीपाशी बाटल्या," सून म्हणाली. "मी स्वयंपाक करू कुठे, डोक्यावर?"

"आजचा दिवस. उद्या आवरते."

"तुमचा उद्या महिना झाला येतोय." असं म्हणून तिने स्वतःच भांडी बाजूला सारून जागा करून दिली. बोलायचं म्हणून ती बोलत होती. कारण तिलाही ठाऊक होतं. ते कारण आतल्या खोलीत पालथं पडून गृहपाठ करत होतं आणि दर दोन ओळींनी पेन्सिल ठेवून मनगट खाजवत होतं.

ठकी नऊ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिची नखं खरबरीत झाली, मग तळहात फाटू लागले, आणि या वर्षी सकाळी उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. डॉक्टरांनी चार मलमं बदलली आणि शेवटी हात टेकले. "आता पाणी बदलून बघा," म्हणाले.

पाणी बदलायचं म्हणजे आणायचं कुठून? गल्ली आठ घरांची, मधोमध एक विहीर, विहिरीवर पंप, आणि त्या पंपाचं पाणी आठही घरांत. कोपऱ्यावरच्या शिंपिणीचे हात ठकीसारखेच. समोरच्या मास्तरांची बायको मूत्रपिंडं जाऊन वारली. गल्लीच्या पाठीशी रंगाच्या कारखान्याची लांबलचक भिंत, तिच्यावर आता झाडं उगवलेली.

पाणीखात्याचे साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले होते, "पाणी दूषित आहे असा एक रिपोर्ट आणा, आठ दिवसांत मोठ्या नळाची लाइन जोडून देतो. नुसत्या खाजेवर फाइल कशी हलवू? तुमच्या विहिरीचा आमचा रिपोर्ट तर आरशासारखा स्वच्छ आहे."

मग गल्ली आजींकडे आली. "तुम्ही एकतीस वर्षं तिथंच होता ना, लॅबमध्ये," शिंपीण म्हणाली. "तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आजींना तो लागला, तो त्यांच्याच आतून आला होता.

कारखान्याच्या ऑफिससमोर एक हिरवळ होती. तिथे एक नळ, नळाला हिरवी रबरी नळी. दर महिन्याच्या एक तारखेला कारखान्यातून नाल्यात सुटणाऱ्या पाण्याची बाटली भरून तपासायची आणि रिपोर्ट सरकारात पाठवायचा, असा नियम निघाला. पहिल्याच महिन्यात कारखान्याचे मोठे साहेब वाटेत भेटले. हातातली बाटली बघून हसले आणि म्हणाले, "बाई, एवढ्या उन्हात नाल्यापर्यंत कशाला जाता? इथूनच भरा की." अगदी काळजीने म्हणावं तसं. त्या क्षणभर उभ्या राहिल्या. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, मुलगा दुसरीत होता. मग वाकून त्यांनी नळी उचलली. पाणी उन्हाने कोमट झालेलं होतं, त्याला ओल्या गवताचा आणि तापलेल्या रबराचा वास होता.

दुसऱ्या महिन्यात कोणाला काही सांगावं लागलं नाही. एकोणीस वर्षं. दोनशे अठ्ठावीस बाटल्या, दोनशे अठ्ठावीस सह्या. आकडे पाढ्यांसारखे पाठ झाले होते: पीएच सात पूर्णांक दोन, क्षार एकशे चाळीस, क्रोमियम शून्य.

एकदाच, तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्या अठरा तारखेला, कोणी नसताना त्या खरोखर नाल्यावर गेल्या. बाटली भरली, दार लावून तपासली, आकडे एका कागदावर लिहिले. बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसल्या. मग तो बर्नरच्या ज्योतीवर धरला आणि बाटली मोरीत ओतून दिली. ही गोष्ट त्यांनी आजतागायत कोणाला सांगितलेली नव्हती.

आता शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेलं सामान घेऊन त्या महिनाभर पाणी तपासत होत्या. विहिरीचं, टाकीचं, भिंतीमागच्या डबक्याचं. त्या डबक्याला कावळासुद्धा चोच लावत नसे. आकडे येत ते असे: सात पूर्णांक दोन. एकशे चाळीस. शून्य. आधी त्यांना वाटलं, सामान जुनं आहे. नवं मागवलं. सात पूर्णांक दोन. एकशे चाळीस. शून्य.

गेल्या आठवड्यात डबक्याची बाटली उघडताना त्यांना तो वास आला. वय झालं, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि सुनेला हाक मारली.

"हे हुंगून बघ गं."

सुनेने नाक लांबवलं. "गवताचा का हा? आणि... सायकलच्या ट्यूबसारखं काहीतरी. बरा आहे की वास. मला वाटलं मेलेला उंदीर हुंगायला लावताय."

आजींनी बूच लावलं. वयाचा काही दोष नव्हता.

तेव्हा त्यांनी ठरवलं, आपण तपासायचंच नाही. शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत बाटल्या द्यायच्या. अकरा जागांच्या अकरा बाटल्या, आणि बारावी साक्षीची. ही जुनी रीत. औषधाच्या दुकानातून आणलेलं शुद्ध, डिस्टिल्ड पाणी एका बाटलीत भरायचं, मेणाने बूच बंद करायचं आणि ती न उघडता बाकीच्यांबरोबर हिंडवायची. मागाहून कोणी म्हणालं, घाण तुमच्या हातातून लागली असेल, बाटलीतून लागली असेल, तर ही साक्षीला उभी. कागदावर तिला कोरा नमुना म्हणत. लॅबमध्ये सगळे साक्षीची बाटलीच म्हणायचे. हिरवळीवरून भरलेल्या नमुन्यांबरोबरसुद्धा आजी ती दर महिन्याला न चुकता नेत. 

बारा बाटल्या घेऊन त्या स्वतः बसने गेल्या. तीन दिवसांनी निरोप आला, प्रत्यक्ष या.

प्रयोगशाळेतली केमिस्ट त्यांच्या सुनेच्या वयाची असेल. चष्मा डोक्यावर, पांढऱ्या कोटाच्या बाहीला डाग. तिने खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि मग बराच वेळ नुसती पेनाशी चाळा करत राहिली.

"आजी, अकरा बाटल्या स्वच्छ आहेत. पण सारख्या आहेत. अकराही, दशांशापर्यंत. विहिरीचं आणि डबक्याचं पाणी असं सारखं नसतं हो."

"नसतं," आजी म्हणाल्या. "सात पूर्णांक दोन?"

"हो." तिने वर पाहिलं. "आणि ही बारावी."

बारावी बाटली वेगळी ठेवली होती, काचेच्या कपाटात. आतलं पाणी जांभळं होतं, वांग्याच्या सालीसारखं, आणि तळाशी काहीतरी बसलं होतं. मेण जसंच्या तसं. मेणावर आजींच्या अंगठ्याचा ठसाही तसाच.

"तुम्ही दिलीत तेव्हा हिला रंग नव्हता. माझ्या वहीत तशी नोंद आहे," केमिस्ट म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी अशी झालेली. बूच मी दुपारी उघडून थोडं पाणी काढलं आणि तसंच पुन्हा बसवलं. मेण मी फोडलं होतं, आजी. आता बघा."

आजींनी बघितलं नाही. त्यांनी समोरचा कागद ओढून घेतला. पीएच चार पूर्णांक सहा. क्रोमियम नऊ पूर्णांक चार. तिसरा आकडा पानाच्या मागे होता.

"क्षार दोन हजार तीनशे दहा," त्या म्हणाल्या.

केमिस्टने पान उलटून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

 ज्योतीत कागद आधी कडेने तपकिरी होतो, मग आकडे क्षणभर जास्तच ठळक दिसतात, तसे ते आजींना दिसत होते.

"लेबलवर तुम्ही जागा लिहिलेली नाही," केमिस्ट हळूच म्हणाली. "रिपोर्टवर लिहावी लागेल. नमुना कुठला?"

तिने पेन पुढे केलं. एक शब्द पुरला असता. विहीर. एका शब्दात रिपोर्ट झाला असता, साहेबांची फाइल हलली असती, आठ दिवसांत नळाची लाइन आली असती. एका बाटलीवर दुसऱ्याच पाण्याचं नाव घालायचं, एवढंच तर होतं. हाताला ते काम चांगलं ठाऊक होतं. हात तर लिहायला निघालाही होता. आजींना ठकीची उशी दिसली.

त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं: रंगाच्या कारखान्यातून नाल्यात सुटणारं पाणी. अठरा ऑक्टोबर. पुढे तीस वर्षांपूर्वीचं साल, आणि सही. मग कोरे कागद मागून घेतले आणि हिरवळ, नळी, एकोणीस वर्षं, जाळलेला कागद, सगळं लिहून काढलं.

"हे कोणी मानणार नाही," केमिस्ट म्हणाली.

"न मानोत. लिहायचं माझ्याकडे राहिलं होतं."

परतताना त्या तशाच पाणीखात्यात गेल्या. साहेबांनी पानं वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"आजी, हे तर तुमच्याच विरुद्ध आहे."

"हो."

"गल्लीतल्या लोकांना माहीत आहे?"

"उद्या होईल."

साहेबांनी पानं घडी घालून फाइलमध्ये ठेवली. "त्या बाटलीचं मला काही उमगत नाही. त्यावर लाइन देता येणार नाही. पण उद्या सकाळी मी स्वतः येतो. माझ्या डोळ्यांदेखत नमुना घेऊ. तो जर खराब निघाला, तर लाइन दिली."

सकाळी पंप सुरू झाला आणि शिंपिणीच्या दारातून किंकाळी आली.

एकेक करत आठही दारं उघडली. बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या आणि जमिनीवर ठेवून त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. प्रत्येक बादलीत जांभळं पाणी. गल्लीभर असा दर्प की मास्तरांनी नाकाला उपरणं लावलं.

"इतकी वर्षं आपण हेच..." शिंपीण म्हणाली.

सुनेने रात्रीच त्यांना आजींची हकिगत सांगितली होती. आजींनीच सांगायला लावली होती. आता एकेक मान वळून त्यांच्या दाराकडे झाली. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"आजी, आपलं पण जांभळं झालंय!" ठकी मोरीतून ओरडली. तिला गंमत वाटत होती.

"हात लावू नकोस!" आजी धावल्या. बादली तिच्यापासून ओढताना पाणी हिंदकळलं आणि त्यांची बोटं त्यात बुडाली.

बोटांभोवतीचा रंग मागे सरला.

आधी वाटीएवढा. मग बादलीभर. तळाचा चरा दिसू लागला. गवताचा वास आला, आणि तापलेल्या रबराचा.

त्यांनी हात बाहेर काढला. जांभळा रंग कडेने हळूहळू परत आला.

त्यांनी हात पदराला पुसले. एकदा, दोनदा, तीनदा.

साहेब आले ते बाटल्यांची पेटी घेऊन. सोबत कोणी नव्हतं. विहिरीपाशी गुडघ्यावर बसून त्यांनी बाटली धुतली, तीनदा, पण हात सवयीचा नव्हता. गल्ली भोवती उभी होती.

"आजी, तुमचा हात बसलेला आहे," ते म्हणाले. "बाटली जरा धरता? मी ओततो."

आजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको."

"अहो, नुसती धरायची."

"मी हात लावणार नाही."

"आता बरं सुचलं," कोणीतरी म्हणालं. आजींनी मान वर केली नाही. पाठीमागे त्यांनी स्वतःचंच मनगट घट्ट आवळून धरलं.

सून पुढे झाली. तिने बाटली धरली, साहेबांनी ओतलं. पाणी चढत गेलं, गळ्यापर्यंत, काठापर्यंत, जांभळंच. आत एकही बुडबुडा राहिला नाही. साहेबांनी लेबल लिहिलं, सही केली आणि मान हलवली. झालं.

आजींनी श्वास सोडला. हात मात्र त्यांनी पाठीमागेच ठेवले.

ठकी कधीची त्यांच्या मागे येऊन उभी होती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तुझ्या बोटांतून पाणी गळतंय."

मग तिची फाटलेली ओंजळ आजींच्या बोटांना लागली.

"किती स्वच्छ आहे गं. गवताचा वास येतोय. पिऊ?"