वरून उतरलेली भेग

राहू द्या पार्बताबाई, ते मुसळ तिथंच भिताडाजवळ राहू द्या. फ्लॅटमधे कोन मुसळ ठेवते म्हनून हासू नका. पोरगी अपेक्षा आत झोपली आहे, तिची आज सुट्टी. जरा हळू बोलू. बसा, सांगते.

अकोल्याचं घर विकाचं होतं मले. आमचे मालक, खुशालराव, वारले. लोकं नवऱ्याच्या फोटोले हार घालते, म्या फोटो पलंगाखाली सरकवला. सांगाले मले लाज नाई वाटत, तो मानूस मले मारे. दुपारचं जेवन झालं, प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला, की काहीतरी निमित्त काढे. केसं धरे आनि बैठकीच्या भिताडावर डोकं आपटे. दरवेळी एकाच जागी. शेजारनी विचारत, लीलाबाई, कपाळाले काय झालं? मी म्हनो, दाराले लागलं. अपेक्षा म्हने, आई, वीक ते घर आनि ये अमरावतीले. मले बस त्या भिताडापासून सुटाचं होतं. दुसरं काही नको होतं.

घ्याले आला किशोर, धामणगाव रेल्वेचा. संग त्याची बायको आकांक्षा. घर पसंत पडलं, पन बैठकीतली भेग पायली न पोट्ट्याचं तोंड उतरलं.

"काकू, पाया खचला का?"

"अरे बाप्पा, काळी माती आहे. उन्हाळ्यात भुई फाटते, हात जाते आत. अकोल्यात भेग नसलेलं घर दाखव मले!"

तरी त्यानं इंजिनिअर आनला, वामनराव म्हनून. भला मानूस. त्यांनी जोत्याजवळ खड्डा खोदला, पाया ठोकून पायला. पाया टनक. मंग आत येऊन भेगेवरून बोट फिरवलं.

"पाया खचला की भेग खालून वर चढते, बाई. हे तर वरून खाली उतरली."

वर म्हंजे कुठं? बरोब्बर माह्या डोक्याच्या उंचीवर, तो आपटे तिथं! पन बोलू काय त्यांच्याजवळ? त्यांनी भेगेवर आडवी काचपट्टी सिमेंटनं चिकटवली. भेग हालत असन तर काच फुटन. रजिस्ट्रीपर्यंत टिकली तर सौदा, नाई तर किशोर घर घेनार नाई.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रं नाई. मी तिखट कुटून हात धुतले, मुसळ भिताडाले टेकवलं न कूलरसमोर आडवी झाली. तेवढ्यात लाईन गेली. कूलर घरघरत बंद पडला. सगळीकडं सामसूम. आनि मंग आवाज आला. चर्र... चर्र... पन्नी चोळल्याचा.

खर्ऱ्याचा वास आला हो. चुना, सुपारी, तंबाखू. दाराची कडी तर आतून लागलेली.

"कोन आहे?"

"लीले..."

आवाज भेगेतून आला. टक् करून काच फुटली आनि कोनीतरी माहे केसं धरले. खरं सांगते, मुठीत धरले! फरफटत नेलं मले त्या जागी. एकदा आपटलं. डोळ्यापुढं अंधारी आली. दुसऱ्यांदा डोकं मागं वढलं, तवा माह्या हाताले मुसळ लागलं.

आयुष्यभर म्या हात उचलला नव्हता, पार्बताबाई. त्या दिवशी उचलला. "घे! मुडदा बसवला तुया! जित्तेपनी मारलं, आता मेल्यावरबी मारतं?" भेगेवर घातलं मुसळ. पुन्हा घातलं. प्लास्टर पडलं, इटा फुटल्या, आतून कोनीतरी कण्हे, तरी घातलं. केसं सुटले तवा थांबली. मुसळाचं टोक ओलं होतं. काळं, चिकट, खर्ऱ्याच्या वासाचं. आरशात पायलं, तर माह्या डोक्याले साधी खरोच नव्हती.

मिस्त्री बोलावून गुपचूप भगदाड बुजवलं, नवी काच लावली. ते फुटली नाई. रजिस्ट्री झाली, मी इकडं आली. मुसळ तेवढं संग आनलं.

काल किशोरचा फोन आला. लय खूश होता. "काकू, काच जशीच्या तशी. घर एकदम पक्कं आहे!" मीबी खूश झाली. म्हटलं, गेला मेला एकदाचा. फोन ठेवला आनि मनात आलं, तिथं नाई, तर गेला कुठं?

आज सकाळी अपेक्षाच्या खोलीत झाडू मारून राहिली होती. हा तिसरा मजला, खाली काळी माती नाई काही नाई. भिताडावर केसाएवढी भेग. वरून उतरलेली. मी पाठ लावून उभी राहून पायलं, भेगेचं तोंड माह्या डोक्याहून चार बोटं वर होतं.

अपेक्षा माह्याहून चार बोटं उंच आहे.

जावई नितेश महिना झाला नागपूरले आहे, घरात आमी दोघीच. आनि पोरीनं ह्या उकाड्यात पुऱ्या बाह्यांचा ड्रेस घातला. म्हटलं, अपे, हाताले काय झालं? तर म्हने, "काही नाई आई, दाराले लागलं."

थांबा. बोलू नका जरा... तुमची पन्नी वाजून राहिली का, पार्बताबाई? तुमच्याजवळ तर पन्नी नाई.

उठा. ते मुसळ द्या इकडं.