प्रॉम्प्टरचं पान हरवलं

वर्ध्याहून अल्लीपूरले जाणाऱ्या एसटीत तो माह्या बाजूले येऊन बसला. मांडीवर नाटकाची वही.

"सरका ना भाऊ थोडे," मी म्हटलं.

"सरकतो... पण भाऊ नका म्हणू. अजून कोणाचाच कोणी नाई मी."

लय गोड हसला बेटा! मेकअपशिवाय मले कोण वळखते? मले खोडी सुचली. "अल्लीपूरच्या नाटकात शालूबाई आहे म्हणे. कशी आहे ती?"

"पह्यले नाटक मंडळात माणसंच लुगडं नेसून बाया होत. ही पह्यली बाई स्टेजवर उभी राह्यली! सासू झाली, डाकू झाली, यमराज बी झाली. दोन पिक्चर केले. मी भूपेंद्र, नवा प्रॉम्प्टर. विंगेतून तिले शब्द सांगाचे म्हणून रातभर वही वाचून राह्यलो पहा."

त्याले काय सांगू, त्याची शालूबाईच शब्द इसरते? मागच्या महिन्यात समुद्रपूरले भर प्रयोगात माहे शब्द गायब झालते. पडदा पाडावा लागला. मालक महादेवराव म्हणाले, "अल्लीपूरले चुकली, तं पुढं दुसरी बाई."

उतरताना म्हटलं, "तो यमराज मीच." बिचारा पायरीच चुकला!

दुपारी तीनले पडदा उघडला. मी ठाणेदारीण. पह्यला अंक निभावला. दुसऱ्यात चोरासमोर बेडी घेऊन उभी राह्यली, अन्... डोकं कोरं. बेडी नुसती फिरवत राह्यली.

विंगेत पाह्यलं. भूपेंद्र वहीत नाई, माह्याकडं पाहून राह्यलेला! दचकला, पानं भराभर उलटू लागला. त्याले जागाच सापडेना.

स्टेजवरची पंचवीस वर्षं... संपली. महादेवराव पडद्याच्या दोरीकडं निघाले.

मंग काय अंगात आलं, देवाले माईत. सरळ विंगेकडं वळली. "ए! तिथं लपलेला! भायेर ये!"

आला की तो. वही छातीशी, तोंड पांढरंफटक. पब्लिकले वाटलं, नवा चोर. टाळ्या!

"काय हरवलं रे तुहं?"

"पान... मॅडम."

"काऊन हरवलं? खरं बोल!"

"तुमच्याकडं... पाहून राह्यलो होतो."

मंडप गरजला. महादेवराव दोरीपासून मागं सरकले. मले मात्र अजून भेव होतंच— आता शब्दांचं नाई, त्याच्या उत्तराचं.

"पुन्हा पाहशील?" माहा आवाज बारीक झाला.

त्यानं वही बंद केली. "जनमभर... तुम्ही म्हणाल तं."

"अटक!" मी वरडली. बेडीचं एक कडं त्याच्या मनगटात अडकवलं. अन् दुसरं— माह्याच.