दोघंही एकुलते

रस्त्याच्या कडेला माणूस आडवा पडलेला दिसला. स्कूटी तशीच सोडून मी धावले. डिसेंबर २०१४ची सकाळ, गोंदियाजवळच्या कुडव्याचा रस्ता धुक्यात बुडालेला... आणि त्या माणसानं डोळे उघडून शांतपणे सांगितलं,

"मेलो नाही जी. पोटरीत गोळा आला."

"इतक्या थंडीत काऊन पळून राहिले? पोलीस लागले का मागं?"

"लागले असते तर बरं झालं असतं. जरा जोरानं पळालो असतो."

मी हसू दाबत पाण्याची बाटली पुढे केली. पिता पिता तो माझ्याकडेच बघत होता... मी उगाच धुक्याकडे पाहिलं.

त्याचं नाव टिकेश. आमगावचा; नोकरी गोंदियात, बँकेत. फेब्रुवारीत तो नागपूरला एकवीस किलोमीटर पळणार होता. ओळखीचे लोक त्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे देणगी देणार, आणि ती ऑटिझमच्या संशोधनाला जाणार.

"ते काय असते?" मी विचारलं.

"माझा मोठा भाऊ आहे, संजूदादा. नजरेला नजर देत नाही. बोलला तर दिवसभर एकच वाक्य. कुकरची शिटी झाली की कान दाबून बसते. लोक येडा म्हणतात. येडा नाही तो! पण हे काऊन होते, ते अजून डॉक्टरलेबी पुरतं माहीत नाही. म्हणून पळून राहिलो."

शिटी... कान दाबणं... हा तर माझ्या धनवंतादीदीबद्दल बोलत होता! एकतीस वर्षं ती आमच्या मागच्या खोलीत होती. तिच्या असण्याला काही नाव आहे, हे मला आज एक अनोळखी माणूस भर रस्त्यात सांगत होता.

"तुमच्या घरी आहे का कोणी असं?"

"नाही," मी म्हणाले. सवयीनं. दीदीचं नाव बाहेर काढलं तर माझं लग्न जमणार नाही, हेच घरात शिकवलेलं.

त्यानं खिशातून काढलेल्या देणगीच्या कागदावर मी नाव लिहिलं— रिंकी.

"पत्ताबी लिहा."

"देणगीले पत्ता कायले लागते?"

"देणगीले नाही लागत," तो म्हणाला. माझे कान तापले... पण पत्ता मी लिहिला.

दोन आठवड्यांनी बाबूजी म्हणाले, "उद्या पाहुणे येतात. पोरगा नोकरीवर आहे." त्याच दिवशी दीदीला मावशीसोबत तिच्या गावच्या, केशोरीच्या बसमध्ये बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर समोर टिकेश! कप एकमेकांवर आदळले. लबाड गालात हसत होता.

"आमचा टिकेश एकुलता एक," त्याचे वडील केशोराव म्हणाले.

"आमचीबी रिंकी एकटीच," बाबूजी म्हणाले.

मी टिकेशकडे पाहिलं. त्याचं हसू विझलं होतं, पण तो गप्प! भावासाठी रस्ते तुडवणारा माणूस बैठकीत मान खाली घालून बसला होता.

"अन् संजूदादा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

केशोरावांची बशी कलली, चहा मांडीवर सांडला.

टिकेश उठला. "आहे. मोठा भाऊ आहे मले. सांगू नको म्हटलं, अन् मी मानलं. चुकलो." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही नाही म्हटलं तरी—"

"थांबा. मीबी खोटं बोलली. माझी मोठी बहीण आहे, धनवंतादीदी. अशीच. तुम्ही येणार म्हणून काल तिले केशोरीला धाडलं."

"रिंके!" बाबूजी ओरडले.

"म्हणजे... आमीबी लपवलं अन् तुमीबी?" टिकेशची आई, रुख्माबाई, म्हणाली. तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडू लागली. "तुमची जेवते का हो बरोबर?" तिनं माझ्या मायला विचारलं.

एकतीस वर्षांत हे मायला कोणी विचारलं नव्हतं. मग ती रुख्माबाईला खेटून बसली आणि बोलतच सुटली.

मी अंगणात आले. मागोमाग टिकेश.

"रागावल्या?"

"लई."

"मग?"

"आधी दीदीले भेटा. तुमच्याकडं पाहणारबी नाही ती. आवडले नाही, तर शर्ट ओढून बाहेर काढेल."

"अन् आवडलो... तर?"

"तर माझं हो समजा."

हे मी बोलले? माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. भानावर येऊन पाहते तर अंगणात मी एकटीच, आणि आतून टिकेशचा आवाज—

"बाबूजी, केशोरीची बस किती वाजता आहे जी?"