एक कॉम्प्युटर, दोन लाल गाड्या

"सोडा. हा डबा माझा आहे."

"डबा असंल तुमचा. किल्ली माझ्याकडं हाय."

सोलापुरात सात रस्त्यापासून जरा आत, गुरुसिद्धप्पाच्या मोडीच्या दुकानात, गाड्यांच्या दारं-दिव्यांच्या ढिगात डॉक्टर अंकिता एका ॲल्युमिनियमच्या डब्याचं एक टोक घट्ट धरून उभी होती. दुसरं टोक एका उंच, सावळ्या, नको तितकं छान हसणाऱ्या माणसाच्या हातात होतं.

डबा दिसायला जेवणाचा, पण होता इंजिनाचा कॉम्प्युटर. अंकिताच्या मामांनी परदेशी जाताना आपली लाल, दोन दारांची, जुनी जपानी स्पोर्ट्स कार लाडक्या भाचीला देऊन टाकली. गाडी माढ्याला वडिलांच्या शेडात उभी राहिली आणि उंदरांनी तिच्या कॉम्प्युटरचा संडास केला. झालं! तेव्हापासून ही दुसरा शोधतेय. आता तुम्ही म्हणाल, डबा तो डबा, कुठलाही बसवावा. अहो, तसं असतं तर काय हवं होतं! गाडीचं साल जुळावं लागतं, गिअर जुळावे लागतात, डब्यावरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळावा लागतो. अंकिता दातांची डॉक्टर. तिनं डॅशबोर्डखालचा नंबर दात बघायच्या आरशात उलटा वाचला आणि दिल्लीहून भलताच डबा येऊन पडला. त्यानंतरचा आला तो ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीचा. त्यावर इंजिन सुरू झालं, म्हशीसारखं खोकलं आणि गप्प बसलं.

"गुरुसिद्धप्पा, मी फोनवर सांगून ठेवलं होतं ना?"

"म्हणून डबा तुमालाच ठेवलो की अक्का," गुरुसिद्धप्पा वैतागून म्हणाला. "ह्यांनी सकाळी किल्ली अन् लॉक नेले. दोघांचं एकच गाडी हाय म्हणून मला काय ठाव?"

गोची अशी, की हा कॉम्प्युटर फक्त आपल्याच किल्लीला ओळखतो. दुसरी कुठलीही लावली की इंजिन मुकं. या गृहस्थाचं नाव दिग्विजय, मोहोळला बियाण्यांचं दुकान. त्याचीही तीच गाडी, तसाच निकामी कॉम्प्युटर, तसंच वेड.

"किल्ली मला विका," अंकिता म्हणाली.

"डबा मला विका."

"अजिबात नाही!"

"मग काय... तुमी डबा उशाला घेऊन झोपा, मी किल्ली गळ्यात बांधतो."

हसायचं नाही, असं अंकितानं पक्कं ठरवलं होतं. पण आलं की हसू.

शेवटी तह झाला. एक आठवडा तिचा, एक आठवडा त्याचा. सात रस्त्यावर चहाच्या गाड्यापाशी डबा-किल्लीची देवघेव. दिग्विजय डबा सोलापुरी टॉवेलात गुंडाळून आणायचा, वर शेंगाचटणीची पुडी.

"ओल नाही ना लागली?" ती विचारायची.

"माझ्या आईनं मला एवढं जपलं न्हाय."

एकदा तो असाच हसला आणि अंकिताच्या भुवया वर गेल्या. "आ करा बघू."

"हितं? चारचौघांत?"

"अक्कलदाढ किडलीय तुमची."

"तरीच..." तो तिच्याकडं बघत म्हणाला, "तुमी समोर आलात की अक्कल चालत न्हाय."

अंकिताला चहाचा चांगलाच ठसका लागला. पुढच्या भेटीपासून 'तुम्ही'चं 'तू' झालं. खरं सांगायचं तर तिच्या गाडीचे ब्रेक, टाकी, पाइप सगळंच दुरुस्तीला गेलेलं. डबा नुसता दवाखान्याच्या कपाटात बसून असायचा. तरी आणायला ती न चुकता जायची, तेही नवा ड्रेस घालून!

आणि मग माढ्याहून वडिलांचा, मानसिंगांचा फोन आला.

"ऐतवारी नवा ट्रॅक्टर येतोय. शेड रिकामं पायजे. तुजी ती लाल बया आपल्या चाकावर भाईर निघाली तर ठीक. न्हायतर भंगारवाल्याला टेम्पो घेऊन बोलावलाय."

एव्हाना गाडीची बाकी सगळी दुरुस्ती झाली होती. कमी होता तो फक्त डबा. पण आठवडा दिग्विजयचा. त्याच रविवारी पुण्यात जुन्या गाड्यांची रॅली, आणि त्या रॅलीसाठी तो कधीपासून झुरत होता. तिनं फोन केला, सगळं सांगितलं, आणि त्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली, "राहू दे. तुझा आठवडा आहे. जा तू पुण्याला."

"...बरं," तो म्हणाला.

बरं? नुसतं बरं? माणसानं एकदा तरी 'अगं पण' म्हणावं! अंकिता दिवसभर त्याच्या नावानं बोटं मोडत होती. त्या दिवशी पेशंटनीही बिचाऱ्यांनी तोंडं जरा भीतभीतच उघडली.

रविवारी टेम्पो आला. भंगारवाल्यानं लाल गाडीला दोर बांधायला घेतला. तेवढ्यात रस्त्यावरून ओळखीचा, खर्जातला आवाज... आणि अंगणात दुसरी लाल गाडी येऊन थांबली.

मानसिंगांनी एकदा शेडात बघितलं, एकदा अंगणात. "आरं, ही हितं हाय तर ती कुटनं आली?"

दिग्विजय उतरला, रामराम केला आणि सरळ आपल्याच डॅशबोर्डखाली उताणा शिरला.

"आणि पुणे?" अंकितानं वाकून विचारलं.

"निम्म्या वाटंवर गेलतो की. मग गाडीच माढ्याकडं वळली."

"गाडी आपोआप नाही वळत."

"कॉम्प्युटर हाय की तिला."

"दिग्विजय, डबा काढलास तर तुझी गाडी इथंच पडेल. परत कसा जाशील?"

त्याचे हात थांबले. "मी परत जायला आलोय, असं वाटतं व्हय तुला?" मग एकदम हळू आवाजात, "तू मला आवडतीस, अंकिता. गाडीपेक्षा जास्त. अन् गाडी मला लई आवडती."

रोज लोकांचे दात उपटणाऱ्या अंकिताच्या हातून आज डबा बसवताना एक प्लग काही केल्या लागेना. शेवटी त्यानंच लावून दिला. किल्ली फिरली, इंजिन गुरगुरलं, आणि अंकिता आपली गाडी ऐटीत शेडाबाहेर घेऊन आली. मुक्ताबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, टाळ्याच वाजवल्या.

मानसिंग मात्र कमरेवर हात ठेवून दिग्विजयच्या मुक्या गाडीकडं बघत होते. ती नेमकी अंगणात आडवी पडलेली; बाजूनं गाडी निघेल, ट्रॅक्टर नाही.

"एक काढली तर दुसरी आडवी घातली! टेम्पोवाल्या, मग हीच घिऊन जा."

अंकिता धावत मध्ये आली. "आप्पा, तिला हात लावायचा नाही!"

"का? तुजी कोण लागती ती?"

"ती... ह्यांची आहे."

"अन् हे?"

जन्मात कुणाला तिनं 'हे' म्हटलं नव्हतं. कानांच्या पाळ्या तापल्या, पण मान खाली गेली नाही.

"हे माझे आहेत, आप्पा."

दिग्विजय दोन्ही गाड्यांपेक्षा लाल झाला. भंगारवाला हळूच दोर गुंडाळायला लागला. मानसिंगांनी लेकीकडं बघितलं, त्या पोराकडं बघितलं आणि मिशीवर हात फिरवला.

"ते समदं ठीक हाय," ते शेवटी म्हणाले. "पर माजा ट्रॅक्टर कुटं उभा करू?"

"करा की लिंबाखाली," मुक्ताबाई पदर खोचत म्हणाल्या. "जावई उनात उभा हाय, त्याला आदी आत घ्या."